लुकासबाबूंचे सहा खांदेकरी

बेसा भागात आम्ही राहायला आलो, त्या दिवशी ट्रकमधून सामान उतरायच्या आत समोरच्या घरातले लुकासबाबू आले. त्यांनी मला कुंपणाच्या भिंतीला पाठ टेकवून उभे केले आणि खांद्याच्या उंचीवर खडूने रेघ मारली. रेघेकडे समाधानाने पाहत म्हणाले, "जमते! नाव काय जी तुमचं?"

ही नेमणूक कशासाठी, ते नंतर कळले. पत्नी आग्नेसबाई वारल्या की त्यांची शवपेटी उचलायला लुकासबाबूंना सारख्या उंचीची सहा माणसे हवी होती. आग्नेसबाई तेव्हा व्हरांड्यात बसून लसूण सोलत होत्या.

"मी अजून जित्ती आहो," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही घाई नका करू, सर."

लुकासबाबू रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. उंची इतकी बेताची, की स्वतःच्या यादीत ते स्वतःच बसत नव्हते. मला एकूणच समारंभांचे वावडे. सत्काराची शालसुद्धा मी दुरूनच पाहतो. म्हणून एकदा विचारले, "बाबू, मेल्यावर माणसाला काय कळतं?"

"माह्या बापाले कळलं ना!"

वडिलांच्या वेळी पुढे उंच मेहुणे होते आणि मागे बुटके भाऊ. कब्रस्तानाच्या फाटकातच पेटी मागे कलली आणि आत डोके लाकडावर आपटले. "खट्! बापाचं शेवटचं बोलणं थेच, सर. फादर प्रार्थना म्हणून राहिले, अन् मी मनात म्हणून राहिलो, बाबा, माफ करा जी."

त्यात आग्नेसबाईंच्या मानेचे दुखणे जुने. ऑटोत त्या बसल्या की लुकासबाबू प्रत्येक गतिरोधकाआधी ओरडत, "लेव्हल, भाऊ, लेव्हल!" अनेक ऑटोवाले त्या दोघांना पाहून दुसऱ्याच गल्लीत वळत.

दर उन्हाळ्यात, ईस्टर होऊन गेल्यावर, एका रविवारी आमची तालीम असे. नातेवाईक जबलपूर-भुसावळला पांगलेले, म्हणून आम्ही सहाही जण गल्लीतलेच आणि एकजात हिंदू. त्यांच्या घरचा दिवाण खांद्यावर घ्यायचा, वर पाण्याने काठोकाठ भरलेला लोटा. पुढे लुकासबाबू हिरवी झेंडी घेऊन उलटे चालत. येणारेजाणारे थांबून पाहत. कुणी तरी नवा पंथ निघाला असावा, असा त्यांचा समज होई.

आग्नेसबाईंचे लक्ष व्हरांड्यातून असे. "काहून गा प्रकाश, पाय ओढून राहिला? मले पोचवाचं आहे का कपाट शिफ्ट कराचं आहे?"

प्रकाश, आमच्यातला दूधवाला, हसायचा आणि लोटा सांडायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्याच दिवाणावर बसून आम्ही कैरीचे पन्हे प्यायचो. स्वतःच्या अंत्ययात्रेच्या तालमीनंतर "अजून घ्या ना, लाजता काय!" म्हणत पन्हे वाढणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आमच्या गल्लीचा सण म्हणाल तर तोच होता.

आग्नेसबाई गेल्या त्या दुपारी आम्हा सहा जणांना कुणी निरोप धाडला नाही. दार उघडे दिसले आणि आम्ही गेलो. लुकासबाबूंनी सगळे नीट पार पाडले. फादरना वेळ दिली, गाणी ठरवली, आग्नेसबाईंची जपमाळ त्यांच्या हातात दिली. चर्चमधली मिस्सेची प्रार्थना झाली. कब्रस्तानाच्या फाटकाशी आम्ही पेटी खांद्यावर घेतली. इतकी सपाट, की त्या दिवशी लोटा असता तर थेंब हलला नसता. लुकासबाबू पुढे चालत होते. झेंडी नव्हती.

अर्ध्या वाटेवर ते थांबले. मागे आले आणि माझ्या मागच्या प्रकाशच्या दंडाला हात लावला. "सरक गा थोडा."

"काका, लेव्हल जाईल ना जी," प्रकाश कुजबुजला.

"सरक."

प्रकाश बाजूला झाला. लुकासबाबू त्याच्या जागी शिरले. पण पेटी त्यांच्या खांद्यापासून वीतभर वरच राहिली. मान वर करून, दोन्ही हात लाकडाला लावून ते नुसतेच चालू लागले. मी मान वळवून पाहिले, पण मला ते बघवेना. मी गुडघे वाकवले, त्यांच्या मागच्यानेही वाकवले. पेटी उजवीकडे कलत कलत खाली आली आणि त्यांच्या खांद्यावर टेकली.

डावीकडचे तिघे घाबरले. कुणी तरी म्हणाले, "सावरा, सावरा!"

"राहू द्या," लुकासबाबू म्हणाले. "माह्याकडंच झुकून राहिली ना थे."

तशाच वाकलेल्या गुडघ्यांनी आम्ही कबरीपर्यंत गेलो.