पाटी बाहेर ठेवा

हिरवा दिवा.

कोळंबीची बोट एक, जप्त.

मगर एक, पाटीजवळ ऊन खात पडलेली. तिची जबानी कुणी घेतली नाही.

"दाढी करताना आरशात पाहिलं की मलाच घाम फुटतो. या माणसापासून काय लपणार?" (लिअँडर फॉन्टेनो, गुप्तहेर, स्वतःविषयी.)

गंबोत नुसती भेंडी.

सुरुवातीपासून सांगतो. लिअँडर फॉन्टेनो हे माझे दाजी. त्यांनी सोडवलेलं सर्वांत गाजलेलं प्रकरण म्हणजे हरवलेली बदकं, जी संध्याकाळी आपण होऊन घरी आली. मी क्लोव्हिस, त्यांचा मदतनीस. पगार म्हणून त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या वर्नाताईच्या हातचं गंबो, भेंडी-कोळंबीचं दाट कालवण. रेंजरने शपथेवर सांगितलं की ताईची बोट अभयारण्याच्या बंदी असलेल्या पाण्यात जाळं टाकून उभी होती. खालच्या कोर्टाने त्याचं ऐकलं आणि बोट जप्त केली. तेव्हापासून गंबोतली कोळंबी गेली आणि घरातली मिळकतही. ताईने अपील केलं. दाजींनी तपास हाती घेतला. या दोन संकटांचा एकमेकांशी संबंध नव्हता.

"बोट जुळी होती," दाजी म्हणाले.

आम्ही खाडीभर जुळी बोट शोधली. सापडली ती शेजाऱ्याची, आणि तिच्यात टोमॅटो लावले होते.

"मग प्रेमप्रकरण! रेंजरला तू नकार दिलास, त्याने सूड घेतला."

"अहो, तो मला काकी म्हणतो," ताई म्हणाली.

"म्हणजे लपवतोय! बरं, मग पाटी. रेंजरने हद्दीची पाटीच सरकवली असणार."

ताईच्या हातातला डाव थांबला. "अहो, पाटीचं नाव काढायचं नाही."

दाजींना नाही म्हटलं की ते उपटतातच. आम्ही गेलो. पाटीच्या पार पलीकडे, आतल्या पाण्यात, आमच्या जाळ्याचा पिवळा बोया अजून तरंगत होता. दाजींनी दुर्बीण लावली. "कमळ," म्हणाले, आणि खांब उपटला.

अपील न्यायालय शहरात आहे. तीन राज्यांची भांडणं तिथे येतात. दारात आमच्या वकीलबाई, ओडेट, निळ्या मुखपृष्ठाची आमची लेखी बाजू छातीशी धरून उभ्या होत्या. दाजींच्या खांद्यावरची पाटी पाहून त्यांनी डोळे मिटले.

"लिअँडर, हे काय?"

"पुरावा!"

"इथे पुरावा चालत नाही."

"कोर्टात?"

"या कोर्टात. इथे साक्षीदार नाहीत, ज्युरी नाही. खाली जे झालं त्याचे कागद वाचायचे आणि खालच्या न्यायाधीशाचं चुकलं का, तेवढंच सांगायचं."

"म्हणजे गुन्हा कुणी केला हे न बघता निकाल?"

"दररोज," ओडेटबाई म्हणाल्या. "पाटी बाहेर ठेवा."

पहारेकऱ्याने खांब आडवा केला. बुडाला काँक्रीटचा गोळा होता, गोळ्यात पितळी चकती: सरकारी मोजणीची खूण, जुनी, हलवू नये. म्हणजे पाटी कधीच सरकली नव्हती. म्हणजे बोया आत होता. म्हणजे आम्ही बोट बुडवायचा पुरावा स्वतःच्या पिकअपमध्ये, स्वतःचं पेट्रोल जाळून आणला होता.

"काही लिहिलंय वाटतं," पहारेकरी म्हणाला.

"काका, याच्यावर तुमचा कोट टाका," मी म्हणालो.

आत तीन न्यायाधीश. कुठले तीन, ते सोडत ठरवते, आणि नावं सकाळी कळतात. ओडेटबाई बोलल्या, वेळ संपल्याचा तांबडा दिवा लागला, बसल्या. सरकारी वकील उठले. हिरवा दिवा. आणि दाजीही उठले.

"युअर ऑनर! पाटी बाहेर आहे!"

 ताईने माझा गुडघा इतका दाबला की अजून दुखतो.

मधल्या न्यायमूर्ती बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ही पाटी खालच्या कोर्टापुढे होती?"

"नाही! काल उपटली!"

"मग आमच्या लेखी ती नाहीच. खाली बसा, नाहीतर तुम्हीही नसाल."

दाजी बसले. ताईने गुडघा सोडला.

बाई सरकारी वकिलाकडे वळल्या. "बोट हद्दीच्या आत होती म्हणता. हद्द कुठे आहे, हे कागदांत कुठे आहे?"

वकील पानं उलटू लागले. पिवळा दिवा.

"रेंजर म्हणाले, आत होती."

"कशाच्या आत?"

"ते... तिथल्या सगळ्यांना माहीत आहे, युअर ऑनर."

"आम्ही तिथले नाही."

तांबडा दिवा.

निकाल यायला पुढचा कोळंबीचा हंगाम उजाडला. हद्द सिद्ध करायला सरकार विसरलं, जप्ती रद्द. न्यायदेवता आंधळी असते म्हणतात. आमच्या बाबतीत तिने डोळे मिटून घेतले, आणि तेही नियमाला धरून.

"मी पाटी म्हणालो आणि बाईंच्या डोक्यात हद्द शिरली," दाजी गंबो भुरकत म्हणाले. "प्रकरण सुटलं."

"सुटलं हो," ताई म्हणाली, आणि त्यांच्या वाडग्यात कोळंबी वाढली. पहिल्यांदाच दोन डाव.

त्या पाटीवरची अक्षरं वर्नाताईने रंगवली होती, लग्नाच्या आधी, त्याच जागी उभं राहून. हद्द तिला तेव्हापासून पाठ होती.