छपराची तोंडी परीक्षा

घरात तिला सगळे छप्परताई म्हणत आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या महाविद्यालयात ती बायबलचा अर्थ लावण्याचं शास्त्र शिकत होती आणि चार वर्षं तिने एकाच छपरावर काढली होती. गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानातली. प्रभू येशू एका घरात शिकवत बसलेला, दारात पाय ठेवायला जागा नाही एवढी गर्दी. तेव्हा एका लुळ्या माणसाला घेऊन आलेले चौघे सरळ वर चढतात, छप्पर उकरतात आणि त्याला खाटेसकट खाली सोडतात. बरोबरीच्या विद्यार्थ्यांनी पाप, क्षमा, कृपा असे भारदस्त विषय घेतले. हिने छप्पर घेतलं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची सून सध्या छपरात आहे," आणि लोक सहानुभूतीने मान हलवत.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला ती निघाली तेव्हा नवऱ्याने एकच सल्ला दिला. अडलीस तरी थांबू नकोस, ठामपणे बोल. ठाम माणसाला कोणी उलट विचारत नाही. वाटेतच मार्गदर्शक सरांचा निरोप आला. नेहमीच्या खोलीला रंग देताहेत, जागा बदललीय, फाटकावर शिपायाला विचार.

तिने शिपायाला आपल्याच भाषेत विचारलं, "छपराची बैठक कुठंय हो?"

"ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत. मघापासून तुमचीच वाट बघतायत."

यात शिपायाची काही चूक नव्हती. महाविद्यालयाच्या आवारातच चर्च होतं, चर्चला लहानसं कौलारू सभागृह होतं आणि ते सभागृह इतकं गळत होतं की ते बंद ठेवावं लागलं होतं. त्याची तपासणी करून अखेरचा सल्ला द्यायला बाहेरगावची एक इंजिनिअर बाई त्याच सकाळी यायची होती. बांधकाम समिती वरच्या खोलीत तिच्यासाठी ताटकळत बसली होती. चार गवंडी तर टिकाव-पहारी घेऊन खाली तयारच होते.

खोलीत तिघं जण होते. मधोमध अध्यक्ष, एका बाजूला डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला खजिनदार. परीक्षक तीन असतील आणि तिन्ही अनोळखी असतील हे तिला आधीच सांगितलेलं होतं. मार्गदर्शक सर दिसत नव्हते, पण विद्यार्थ्याला मदत होऊ नये म्हणून त्यांना बाहेर बसवलं असेल, असं तिने धरलं.

"छपराचा तुमचा अभ्यास किती?" अध्यक्षांनी विचारलं.

"चार वर्षं. दुसऱ्या कशाला हात लावलेला नाही."

तिघांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं. ती खुलली. आजवरचे सगळे अभ्यासक खाली काय चाललंय तेवढंच बघत बसले, मान वर करून कोणी पाहिलं नाही, असं तिने ठणकावून सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी दर बैठकीत हेच सांगत आलेय. मग तिने गोष्टीच्या मजकुरातल्या थरांचा मुद्दा काढला. इथे दोन थर स्पष्ट दिसतात, एक मूळचा आणि एक मागाहून घुसडलेला. जोड इतका ढोबळ आहे की डोळसाला तो लगेच सापडावा. अध्यक्षांनी खजिनदारांकडे पाहिलं. खजिनदारांनी पेल्यातलं पाणी संपवलं.

"आणि कौलं?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"कौलं लूकची," ती म्हणाली. "मुळात कौलं नव्हतीच. माती आणि फांद्या होत्या."

तिच्या मनात शुभवर्तमान लिहिणारा लूक होता. तीच गोष्ट सांगताना त्याने मातीच्या जागी कौलं घातली आहेत आणि हे कोणताही अभ्यासक मान्य करील. पण ज्या ठेकेदाराने सभागृहाला कौलं घातली तो खजिनदारांचा सख्खा मेव्हणा होता आणि त्यालाही सगळं गाव लूकच म्हणत असे.

खजिनदार कोरड्या आवाजात म्हणाले, "लूकबद्दल तुमचं नेमकं म्हणणं काय?"

परीक्षक कसोटी बघतोय असं तिला वाटलं. नवऱ्याचा सल्ला आठवून तिने आवाज चढवला. "लूकनं ते छप्पर डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. दुसऱ्यांकडून ऐकलं आणि आपल्या माणसांना सोयीचं पडेल तसं करून टाकलं. मी त्याला दोष देत नाही, सगळे तेच करतात."

खजिनदारांचा चेहरा कणकेच्या गोळ्यासारखा पांढरा पडला. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. समितीत दबक्या आवाजात जे कुजबुजलं जाई, ते ही परकी बाई पहिल्याच भेटीत सरळ बोलून मोकळी झाली होती.

"म्हणजे आता फोडायचंच?" अध्यक्षांनी विचारलं.

"फोडण्यावाचून अर्थच नाही. लोक त्याला नासधूस म्हणतात, मी श्रद्धेचं काम म्हणते. आणि ते चौघे कोणाची परवानगी काढत बसले नाहीत."

अध्यक्षांचे डोळे पाणावले. इंजिनिअर असून बाईंची भक्ती केवढी, असं ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, पण ते तिला ऐकू गेलं नाही, कारण त्याच दमात ते मोठ्याने "एकमताने मंजूर" असंही म्हणाले आणि खिडकीशी जाऊन त्यांनी खाली कोणाला तरी हात केला.

ती तरंगतच जिना उतरली. नवऱ्याला फोन लावणार तोच सरांचा फोन आला.

"अगं, आहेस कुठं तू? परीक्षक कधीचे बसलेत."

"सर, पण माझी परीक्षा झाली. प्रबंध मंजूरही झाला."

"कोणी घेतली?" सरांचा आवाज अगदीच बारीक झाला. "आम्ही तर सगळे इथं लहान सभागृहात आहोत. दुसरी खोली मिळेना, म्हणून मी किल्ली मागून घेतली."

तिने सभागृहाकडे पाहिलं. छपरावर चार माणसं उभी होती. पहिली पहार खाली आली तशी ती फोन कानाला तसाच धरून धावत सुटली.

ती पोहोचली तेव्हा छताला न्हाणीघराच्या दाराएवढं भोक पडलेलं होतं. त्यातून उन्हाचा एक झोत आणि चार गवंड्यांची डोकी खाली आली होती आणि "अरे, खाली माणसं आहेत" असं एक डोकं दुसऱ्याला सांगत होतं. सर टेबलाखाली होते. तिन्ही परीक्षक मात्र आपापल्या खुर्चीत, हातात चहाचे कप तसेच धरून, आ वासून वर बघत होते. कौलांचा चुरा त्यांच्या केसांत होता, खांद्यांवर होता, चहात होता.

त्यांतले सर्वांत ज्येष्ठ परीक्षक फार नावाजलेले होते. ही छपराची गोष्ट रचलेली आहे, असं त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं, कारण डोक्यावर छप्पर कोसळत असताना गर्दी जागच्या जागी बसून राहील हे त्यांना पटत नसे. तिच्या प्रबंधाला ते याच मुद्द्यावर घेरणार होते.

त्यांनी कप खाली ठेवला.

"आमच्यातला एकही उठला नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "कमाल आहे. पळावं, हे सुचलंच नाही." मग टेबलाखाली नजर टाकून ते तिला म्हणाले, "तुमचे सर उठले. पण एकटेच."

त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. नाव तेवढं विचारलं आणि पास केलं.

खरी इंजिनिअर बाई दुपारी आली. रस्त्यात तिची गाडी बंद पडली होती. तिने भोकातून डोकं घालून सगळं नीट तपासलं आणि सांगितलं, की छप्पर ठणठणीत होतं. नुसता पन्हळ तुंबला होता, तो काठीने मोकळा झाला असता. अध्यक्ष पायरीवर बसले. खजिनदार त्यांच्याही खालच्या पायरीवर बसले. दोघांनी मिळून छप्परताईकडे जे पाहिलं, ते तिला घरी जाऊन सासूबाईंना नीट सांगताही आलं नाही.

दुरुस्तीला हातभार लावायला शनिवारी ती आपण होऊन गेली. शिडीवर अर्ध्यात उभी राहून ती कौलं वर देत होती आणि वर बसून ती घेत होता तो खुद्द खजिनदारांचा मेव्हणा. त्याने सकाळपासून तिच्याशी चकार शब्द काढला नव्हता. माफी मागावी म्हणून तिने सगळी हकीकत सांगितली. ते मी तुमच्याबद्दल नव्हते बोलले हो, तो लूक वेगळा, दोन हजार वर्षांपूर्वीचा.

त्याने कौल बसवलं, ठोकून पाहिलं आणि खाली खजिनदार नाहीत याची खात्री करून घेतली.

"ताई, तुम्हाला कळलं कसं ते मला माहीत नाही," तो म्हणाला, "पण त्या वेळी मी खरंच वर चढलो नव्हतो. कंबर धरली होती. माणसांनी येऊन सांगितलं तेवढं ऐकलं आणि कौलं घालायला लावली."

इतक्या वर्षांत तिचं एखादं अनुमान कोणी असं तोंडावर कबूल केलं नव्हतं आणि अशा वेळी अभ्यासकाने काय म्हणायचं असतं, ते महाविद्यालयात शिकवलेलं नव्हतं.

"कंबर आता कशी आहे?" तिने विचारलं आणि पुढचं कौल वर दिलं.