मेंढी क्रमांक एक्केचाळीस

जी वस्तू करताना कुणालाही त्रास झालेला नाही, ती अंगावर घेतली की माणसाला आपण चांगले आहोत असं वाटतं. ही गरज ओळखून पुण्याच्या एका कंपनीनं कवठे महांकाळजवळच्या धनगरवस्तीवर 'निर्वेदना घोंगडी' तयार करायला घेतली.

नियमावली बेचाळीस कलमांची होती आणि जवळजवळ सगळी मेंढीच्या बाजूची. दुपारी सावली. महिन्याला डॉक्टर. प्रत्येकीचा फोटो साइटवर. दुखापत झाल्यास पंधरा दिवस विश्रांती. म्हातारी झाली तरी काढून टाकायची नाही. (मेंढीचं मन नसताना लोकर कातरल्यास काय, हे उपकलम विचाराधीन होतं.) कातणाऱ्या बाईचा उल्लेख एकोणचाळिसाव्या कलमात होता: तिनं हात धुऊन बसावं.

दगडाबाई हात धुऊन दिवसाचे दहा तास तापल्या पत्र्याखाली चरख्यावर बसायची. तीन महिने तिचा उजवा खांदा वर जात नव्हता. वेणी शेजारीण घालायची, आणि त्याची तिला फार लाज वाटायची. मिरजेला दाखवायला जावं तर खाडा पडणार, आणि खाडा पडला की चरखा दुसरीला जाणार. शेवटी तपासणीच्या दिवशी ती मेंढ्यांच्या मागं रांगेत उभी राहिली.

"आवं डाक्टर, चाळीस झाल्या न्हवं? आता माजा खांदा बगा."

"मावशी, मी जनावरांचा डॉक्टर आहे."

"असू द्या की. मेंढरांस्नी लय गुण येतोय तुमचा."

डॉक्टर जयराज भला माणूस. रजिस्टरात बाईसाठी रकाना नसल्यानं त्यांनी लिहिलं: मेंढी क्र. ४१, उजवा पुढचा पाय, पंधरा दिवस सक्त विश्रांती.

मुकादम नाथाजी रजिस्टराबाहेर कधी जात नसे. दगडाबाईला लिंबाखाली सावली मिळाली, औषध मिळालं, वेळेवर पाणी मिळालं. पेंडही मिळाली. (ती तिनं शेजारच्या मेंढीला दिली.) बाराव्या दिवशी हात डोक्यापर्यंत गेला. नियमाप्रमाणे एक्केचाळीसचाही फोटो कंपनीच्या साइटवर चढला: स्वतःची वेणी स्वतः घालताना.

एकशे बारा ग्राहकांनी तक्रार केली. भाषा सभ्य होती. मेंढी पाहून प्रसन्न वाटतं, बाई पाहिली की उगाच प्रश्न पडतात, असा एकूण सूर होता. कंपनीनं त्याच दिवशी क्रमांक रद्द केला.

"मावशे, उद्यापास्नं चरख्यावर बस. न्हाईतर दुसरी बगतो," नाथाजी म्हणाला.

"बसते की. पर मेंढरू हुते तवा लय बरं हुतं बग."

तक्रार करणाऱ्यांत तुमचं नाव नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. तुम्हाला ती घोंगडी महाग वाटली होती. तुम्ही सेलमधली चादर घेतलीत, दोनावर एक फुकट. ती कुणी विणली हे दुकानदारानं सांगितलं नाही, आणि तुम्ही फक्त रंग जाईल का एवढंच विचारलंत.