आगाऊ आभार

"यंदाच्या अहवालात फोटो आपलाच येणार," असं सावळारामने मुरबाडच्या एसटी स्टँडवर चहा पिता पिता जाहीर केलं, तेव्हा ऐकायला चहावाला आणि एक कंडक्टर एवढेच होते. तरी आमदारांच्या अहवालात फोटो येणं म्हणजे काय, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

दर दिवाळीला तो गुळगुळीत कागदाचा अहवाल घरोघर यायचा. रस्ते, समाजमंदिरं, पाण्याच्या टाक्या, आणि गेल्या खेपेपासून एक नवं पान: 'व्यापार व ग्रामीण ब्रॉडबँड'. त्या पानावर सावळारामचा साडू नथू बसला होता. समोर कॉम्प्युटर, मांडीवर भेंडीची पाटी, एक बोट कीबोर्डवर, आणि दुबईच्या शेखने नुकतीच तब्येत विचारल्यासारखा चेहरा. खाली छापलं होतं, 'आपली भेंडी निघाली परदेशी, बाजारभाव आला घराशी.'

नथूचं गाव ओढ्यापलीकडे. टेलिफोन एक्स्चेंज तिथं, म्हणून ब्रॉडबँडही आधी तिथं आलं. यात नथूचं कर्तृत्व म्हणजे तो त्या गावात जन्मला, एवढंच. हे सावळाराम भेटेल त्याला समजावून सांगे. पण सासूने ते पान देवघराशेजारी चिकटवलं, आणि थोरला जावई सावळाराम असूनही पहिलं ताट नथूपुढे येऊ लागलं. त्यात एकदा भाकरी थापता थापता जना, म्हणजे त्याची बायको, सहज बोलून गेली, "भावजी फोटोत किती उंच दिसतात." बसलेला माणूस उंच कसा दिसेल, यावर सावळाराम कित्येक दिवस विचार करत होता.

संधी पावसाळा संपता संपता आली. केबलचा चर ओढा ओलांडून गावाच्या वेशीपर्यंत पोचला होता. तेवढ्यात आमदारांची सभा याच गावात ठरली. केलेल्या कामांची माहिती ते मतदारांना देणार होते, आणि अहवालासाठी फोटोग्राफरही सोबत येणार होता. ग्रामपंचायत सदस्य या नात्याने सावळारामने कल्याणहून फ्लेक्स करून आणला. जीपच्या टपावर तो मावेना, म्हणून दोन माणसं धरायला वर बसली. 'आमच्या गावी ब्रॉडबँड आणल्याबद्दल आमदारसाहेबांचे जाहीर आभार.' वर साहेब हात जोडून, खाली सावळाराम, साहेबांपेक्षा बोटभरच लहान.

"पन आलंय कुठं?" जनाने विचारलं.

"येतंयच की. आभार आधी मानले का मानसाला काम करावंच लागतं."

"आन् नाय केलं तर?"

"येडी का खुळी गो तू? एवढा फ्लेक्स बघून कोन नाय म्हनंल?"

पतपेढीतला बंद पडलेला कॉम्प्युटर त्याने ग्रामपंचायतीच्या टेबलावर आणून ठेवला. नथूची भेंडीची पाटी एक होती, म्हणून याने दोन ठेवल्या.

सभेला अख्खं गाव जमलं. ओढ्यापलीकडून नथूही आला. फ्लेक्सपुढे आमदारांची गाडी थांबली. साहेबांनी काच खाली करून सगळा मजकूर वाचला.

"अरे वा, इथं आलंसुद्धा?"

टेलिफोन खात्याचे इंजिनिअर मागच्या सीटवरून पुटपुटले, "साहेब, इथं अजून नाही..."

"लोक आभार मानतायत आणि तुम्ही नाही म्हणताय?" साहेब म्हणाले. इंजिनिअरांची नोकरी बरीच शिल्लक होती. त्यांनी हातातली फाइल मिटली.

सावळारामला कॉम्प्युटरपुढे बसवण्यात आलं, दोन्ही गुडघ्यांवर एकेक पाटी. साहेब मागे उभे राहिले आणि फोटोग्राफर कोन शोधू लागला तशी त्यांनी माइकवर माहितीही द्यायला घेतली. आखाती व्यापार कसा वाढतोय ते सांगून झालं. "या गावाचं काम पूर्ण झालं," ते म्हणाले. "उरलेली केबल आता कोणाला द्यायची?"

"साहेब, आमचा वरचा पाडा ऱ्हायलाय," गर्दीतून नथू शांतपणे म्हणाला.

"दिली."

सावळारामने मनातल्या मनात हिशोब मांडला. आलं नाही म्हणावं, तर आभार खोटे आणि फोटो गेला. गप्प बसावं, तर केबल गेली, तीही नथूकडे. त्याने अर्धवट हात वर केला.

"काका, हात खाली घ्या," फोटोग्राफर म्हणाला. "तोंड झाकतंय."

सावळारामने हात खाली घेतला.

महिन्याभरात केबल न टाकताच चर बुजवला गेला. सरपंचांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. भेंडीवाले शेतकरी त्याला नुसतं "या, आभारवाले" म्हणू लागले. सावळारामने सगळं गिळलं. एकदा अहवाल येऊ दे, सासूच्या भिंतीवर दुसरं पान चढू दे, मग बघू.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, अहवाल आला नाही. त्याने साहेबांच्या पीएला फोन लावला.

"यंदा छापलाच नाही हो," पीए म्हणाला. "साहेबांनी सगळा इंटरनेटवर टाकलाय. तुमचा फोटो तर एकदम पहिल्या पानावर आहे. बघा की, तुमच्याकडे लाइन आहेच."

त्या संध्याकाळी जनाला घेऊन सावळाराम ओढा ओलांडून नथूकडे गेला. नथूने खुर्ची पुढे सरकवली. कॉम्प्युटर चालू केला, पान उघडलं. आधी फ्लेक्स दिसला, मग साहेब, मग खुद्द सावळाराम, पडदाभर, दोन पाट्यांसकट. सावळारामने पडद्याकडे पाहिलंच नाही. तो नथूचा चेहरा बघत होता, कुठे थोडा तरी जळतोय का.

"झकास आलाय," नथू मनापासून म्हणाला. "आपलंच घर हाय, साडू. कवाबी येत जा, बघून जात जा."

सावळाराम जातो अधूनमधून. भेंडीचा भाव बघायला जातो, असं घरी सांगतो.