उंबरठ्यावरचा वर्तमानकाळ

सकाळी साडेअकराला मी शिंपीणबाईंची सुई जप्त केली. त्यानंतर मी त्यांच्या घरातून बाहेर पडलो आणि त्यांच्याच घरात शिरलो.

ही झाली घटना. आता तपशील.

मी बंदोबस्तवाला. जादू करणाऱ्यांनी ती कुठे, कशी आणि कोणावर करायची याचे नियम आहेत. ते मोडले की जादू बंद करायला खातं मला पाठवतं. तुम्हाला वाटेल, काय रुबाब असेल! रुबाब कसला, जिने आहेत. जादूवाली मंडळी तळमजल्यावर राहतच नाहीत. माझे गुडघे आता जुन्या कपाटाच्या दारासारखे वाजतात. चोरपावलांनी कुठे जायची सोय उरलेली नाही.

"आजवर माझ्या हातून एकही जप्ती फसलेली नाही," असं मी त्याच सकाळी दाढी करताना बायकोला ऐकवलं होतं.

"आज फसवू नका म्हणजे झालं," ती म्हणाली होती.

कारण आज शेवटची होती! पाचच्या आत सुई जमा केली की उद्यापासून मला बैठं काम. टेबल, पंखा आणि चाकांची खुर्ची. सुई आली नाही, तर खुर्ची चिकट्याला. चिकट्या म्हणजे माझा सहकारी. गेले कित्येक महिने तो त्या खुर्चीकडे मांजर दुधाकडे बघतं तसा बघतोय.

आता बिल्ल्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कामावर असताना आम्ही छातीला बिल्ला लावतो. तो असेपर्यंत आम्ही जे बोलू ते होतं, शब्दशः! नाहीतर छताला चिकटून बसलेल्या माणसाला नुसतं 'खाली उतर' म्हटलं, तर तो कशाला उतरेल? पण ही सुरी दोन्ही बाजूंनी कापते. आमच्यातला एकजण वैतागून 'माझं डोकं फिरलंय' म्हणाला. तो आता चालतो पुढे आणि बघतो मागे. म्हणून दारातून बाहेर पडतानाचा नियम तर पहिल्याच दिवशी घोकून घेतात: 'जातो' कधीही म्हणायचं नाही. म्हणणाऱ्याचा फोटो खात्यात भिंतीवर आहे. 'येतो'ही म्हणायचं नाही. म्हणायचं, 'निघतो'. माल जमा होईपर्यंत बिल्ला अंगावरून निघत नाही, तेव्हा बोलणं सांभाळूनच.

शिंपीणबाईंचा गुन्हा असा. त्या सुईने कपड्यातून थकवा उसवायच्या. दमलेला माणूस सदरा घालून यायचा, बाई कॉलरचे चार टाके उसवून पुन्हा घालायच्या, माणूस उड्या मारत जायचा. इथपर्यंत ठीक! पण उसवलेला थकवा त्या सुपलीत भरून जिन्यात टाकायच्या. दुसऱ्या मजल्यावर आरशात भविष्य बघणारे एक गृहस्थ राहतात. ते भाजी घेऊन वर येताना तीनदा पायरीवर बसून झोपी गेले. त्यांनी तक्रार केली.

मी तिसऱ्या मजल्यावर पोचलो तो कठड्याला लोंबकळतच. खोलीत बाई मशीनवर होत्या. खिडकीशी पलंगावर त्यांच्या सासूबाई पडून होत्या.

"सुई जप्त, बाई."

"साहेब, दुसरं काहीही न्या. आजींचं पांघरूण मी रोज संध्याकाळी उसवते. दिवसभराचं दुखणं त्यात उतरलेलं असतं. नाही उसवलं तर रात्र जात नाही हो त्यांची!"

"नियम आहे, बाई."

"जिन्यात नाही टाकणार. पदरात बांधून लांब नेऊन टाकीन, मग तर झालं?"

झालं नाही. मी सुई घेऊन वरच्या खिशात टाकली. बाई पुन्हा मशीनकडे वळल्या. सासूबाई मात्र म्हणाल्या, "अरे, एवढे जिने चढून आलास, पाणी तरी पी."

त्यांनी उशाशी ठेवलेला तांब्या पुढे केला, मी पाणी प्यालो. जिची झोप खिशात घातली तिच्याच हातचं पाणी! अशा वेळी माणूस जरा मऊ होतो. उंबरठ्यावर मागे वळलो आणि लहानपणापासून जिभेला लागलेली सवय बोलून गेली.

"बरंय आजी, येतो!"

तीन मजले उतरलो. फाटक ढकललं. समोर मशीन, पलंग, खिडकी.

"आलास होय!" आजी म्हणाल्या. "काही विसरलास का?"

पुन्हा उतरलो, पुन्हा तेच! यावेळी उंबरठ्यावर 'निघतो' म्हणून बघितलं. काही उपयोग नाही. निघायला कुणाची हरकत नव्हतीच, निघतच तर होतो! मागच्या गॅलरीतून पाइपला धरून उतरलो. जमिनीला पाय लागला तो बाईंच्या कापडाच्या गठ्ठ्यावर. दरवेळी उतरायचं तेवढं, चढायचं नाही, एवढीच गुडघ्यांना सवलत. पण जिन्यातला तो सांडलेला थकवा! एकेक पाय म्हणजे ओल्या वाळूचं पोतं झालं होतं.

शेवटी खात्यात फोन लावला. आमच्याकडे वकील नसतो, व्याकरणकाका असतात. असल्या भानगडी तेच सोडवतात.

"नेमकं काय म्हणालास?" त्यांनी विचारलं.

"येतो."

"नुसतं 'येतो'? 'एकदा येतो', 'परवा येतो', काहीच नाही?"

"नाही."

"अरे गाढवा! 'येईन' म्हणाला असतास तर एक फेरी मारून सुटला असतास. 'येतो' म्हणजे रीत! सूर्य उगवतो, नदी वाहते, तू येतोस!"

"मग हे थांबणार कधी?"

"नदी थांबेल तेव्हा. नाहीतर ज्यांना म्हणालास, त्यांनी तोंडाने 'येऊ नकोस' म्हटलं तर."

काका फोनवर लाउडस्पीकर लावल्यासारखे बोलतात. बाईंनी मशीन थांबवलं होतं.

"आजींना म्हणालात तुम्ही 'येतो'. मला नाही," त्या दोरा दातांनी तोडत म्हणाल्या. "मला म्हणाला असतात, तर सुई घेतली असती आणि सोडलं असतं."

मी पलंगाकडे वळलो. "आजी, एवढं म्हणाल का, 'येऊ नकोस'?"

"अरे देवा! घरी येणाऱ्याला येऊ नको म्हणू?"

"आजी, सुई जप्त केली मी. आठवतंय ना?"

"ते तुझं काम. पण माणसाने माणसाकडे यावं. येत जा बाबा!"

हे 'येत जा' ऐकून काकांनी फोनवर हाय खाल्ली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, जेवायला येताय ना?"

"आलोच!"

धप्प! मी आमच्या स्वयंपाकघरात उभा! 'आलोच' हा भूतकाळ, म्हणजे काम झालेलं. माझ्या ध्यानातच नव्हतं! बायको हातातल्या डावासकट दचकली, पण मी आनंदाने वेडा झालो होतो. सुटलो! खिसा चाचपला, सुई होती. आता दोन घास खाऊन सरळ खात्यात. हात धुवायला न्हाणीघराचं दार उघडलं.

मशीन, पलंग, खिडकी.

आणि मागोमाग टॉवेल घेऊन आलेली बायको.

ती एकदा माझ्याकडे बघायची, एकदा बाईंकडे. मी तोंड उघडायच्या आत आजी कौतुकाने म्हणाल्या, "ये गं. हा तुझा नवरा होय? फार मायाळू! सकाळपासून सारखा येतोय हो आमच्याकडे."

"सारखा?" बायको म्हणाली.

"आता तर घरचाच झालाय."

बायकोने टॉवेल माझ्या हातात असा दिला, जणू तो शिक्षेचा कागदच. मग मी सगळं सांगितलं. जपून, शक्य तिथे क्रियापदं गाळत. वाकडंतिकडं काही नाही हे पटायला तिला वेळ लागला नाही. माझ्या रूपावर तिचा तेवढा विश्वास आहे. पण ती शांत झाली नाही, फक्त भांडणाचा विषय बदलला.

"म्हणजे आजींची झोप काढून घेणार तुम्ही? खुर्चीसाठी?"

"चाकं आहेत तिला," मी म्हणालो. बोलल्यावर मलाच ते फार थोडं वाटलं.

"साहेब," शिंपीणबाई मध्येच म्हणाल्या, "खिसा बघा."

खिसा खालून लोंबत होता. उसवणं हा त्या सुईचा स्वभाव! सकाळपासून खिशात बसून तिने एकेक टाका काढला होता. सुई फरशीवर पडली होती.

"असल्या खिशातून नेणार कशी? द्या सदरा, शिवून देते."

"दुसऱ्या सुईने नाही का शिवता येणार?"

"हिचं उसवलेलं दुसरीने शिवलं तर टिकत नाही."

खरं की खोटं, मला माहीत नाही. मी सदरा काढून दिला आणि बिल्ला बनियनला टोचून बसलो. त्या खोलीत एकच खुर्ची होती. चाकं नव्हती, पण पाठ होती. टेकलो. बाईंनी सदऱ्याची कॉलर सहज दोन बोटांत धरली, चार टाके सर्रकन निघाले आणि कसं सांगू, कित्येक वर्षांचे जिने खांद्यावरून उतरले! पंख्याचा आवाजसुद्धा गोड लागला. नियमाप्रमाणे मी तिथल्या तिथे हरकत घ्यायला हवी होती. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा उन्हं उतरली होती आणि फोन वाजत होता. मोठे साहेब! पाचला थोडाच वेळ होता.

"सुई ताब्यात आहे ना?"

"साहेब, सुई जप्त आहे. पण माझा खिसा उसवलाय. तो शिवायला बाईंकडे आहे."

"काय बोलतोयस? चिकट्या इथे खुर्ची पुसून उभा आहे! त्या खिशाचं होणार कधी?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. "शिवतेय," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या छातीला बिल्ला नाही. त्यांच्या बोलण्याने काही होत नाही.

पलंगावर आजींनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं होतं आणि कूस बदलताना ओठ घट्ट मिटले होते. बायको माझ्याकडे बघत होती.

"शिवतायत, साहेब," मी म्हणालो.

 पलीकडून व्याकरणकाकांचं किंचाळणं: "चालू वर्तमानकाळ! मेला! ती आता शिवतच राहणार!"

त्याला आता बराच वेळ झाला. बायको "येते हं" म्हणून गेली आणि सुखरूप घरी पोचली. तिला काय, बिल्ला नाही. मी इथेच. खिसा अजून शिवून व्हायचाय. मधूनच बाई त्याच सुईने पांघरुणाचे चार टाके उसवतात आणि पुन्हा खिशाकडे वळतात. आजी घोरतायत. खुर्ची चिकट्याला दिली की नाही, ते खात्याने अजून कळवलेलं नाही.

साहेबांचा फोन मात्र परत आला. एकच प्रश्न होता: "ते चुकून बोललास, की मुद्दाम?"

बिल्ला अजून बनियनलाच आहे. तेव्हा मी काही बोललेलो नाही.