झिपरीचा पहिला आलेला निबंध

एका जंगलात, बाळांनो, खायला काही नव्हतं. शाळा मात्र होती.

हसू नका. अशी जंगलं पुष्कळ असतात.

शाळा वडाखाली भरायची. शिकवायला सायाळबाई होत्या. लेखणी हवी झाली की बाई स्वतःच्याच पाठीवरचा एक काटा उपटायच्या. उपटताना दुखायचं. म्हणून त्या शेरे फार कमी लिहायच्या, आणि लिहिला तर मनापासून लिहायच्या.

त्यांच्या वर्गात झिपरी नावाची एक शेकरूची मुलगी होती. शेपूट भलती झुबकेदार, म्हणून झिपरी. ती आणि तिची आई एका जांभळीवर राहायच्या. त्या जांभळीला तीन वर्षांत एक जांभूळ धरलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं खातं वेगळं होतं.

राजा वाघ मात्र दयाळू. वाघाला फळं लागत नाहीत, त्यामुळे फळांच्या बाबतीत त्याला दयाळू असणं परवडायचं. त्याने बेहड्याखाली एक कोठार उघडलं होतं. दर बाजाराच्या दिवशी तिथे घरटी ओंजळभर वाळलेली मोहाची फुलं मिळायची. त्या एका ओंजळीवर झिपरी आणि तिची आई आठवडा काढायच्या. एवढं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

एके दिवशी राजाने अर्थमंत्र्यांना बोलावलं. अर्थमंत्री होते रानडुक्कर.

"जंगलाची हालत काय आहे?" राजाने विचारलं. "कोठार चालू ठेवायचं की बंद करायचं? पाहणी करा आणि मला लिहून द्या."

पाहणी म्हणजे हिंडणं आलं. मंत्र्यांचा देह हिंडण्याजोगा राहिला नव्हता. त्यांनी चिखलात बसून विचार केला. घरातली हालत मुलांना माहीत असते, मग मुलांकडूनच लिहून घेऊ की! कल्पना वाईट नव्हती हो. मी तर म्हणतो चांगलीच होती. पण सवयीप्रमाणे त्यांनी खाली मुद्दे दिले.

शाळेत परिपत्रक आलं. "निबंध स्पर्धा. विषय : आपल्या जंगलाची अर्थव्यवस्था. मुद्दे : प्रस्तावना – निसर्गाची देणगी – प्राण्यांचे कष्ट – प्रगतीची घोडदौड – किरकोळ अडचणी – उज्ज्वल भविष्य – समारोप. एकही मुद्दा गाळू नये. पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास डोहाकाठच्या वसतिगृहात जागा व दोन्ही वेळचे जेवण."

दोन्ही वेळचं! झिपरीने ते तीनदा वाचलं. घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग लिव की. माझं मी बघते."

झिपरीने लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाईंसमोर पान ठेवलं. त्यात असं होतं :

"आमच्या जांभळीला तीन वर्षं जांभूळ आलं नाही. कोठारातून एक ओंजळ मिळते. आई मला पाऊण ओंजळ देते आणि म्हणते, मी बाहेर जांभळं खाऊन आले. ती खोटं बोलते. तिची जीभ जांभळी नसते."

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. 

"लेकरा," त्या म्हणाल्या, "हे खरं आहे. पण हा निबंध नाही."

"मग काय आहे, बाई?"

"ते मला पण माहीत नाही. पण याला वीसपैकी दोन पडतील, आणि तू वसतिगृहात जायला हवीस." बाईंच्या आवाजात काकुळत होती. त्यांना ती पोर जगायला हवी होती. वाईट शिक्षिका असत्या तर त्यांनी ते पान तसंच पुढे पाठवलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण बाई फार चांगल्या शिक्षिका होत्या.

त्यांनी पाठीवरचा काटा उपटला आणि शिकवायला बसल्या.

"सुरुवात म्हणीने कर. जुनी असली पाहिजे, लागू पडली नाही तरी चालेल."

"बरं."

"'आमची जांभळी' लिहायचं नाही. 'फलोत्पादन क्षेत्र' लिही."

"बरं. आणि आई?"

"'मातृवर्ग'."

"ती उपाशी असते, बाई."

बाईंनी काट्याचं टोक पुसलं. "'मिताहारी'," त्या म्हणाल्या. "शब्द चांगला आहे. परीक्षकांना आवडतो."

"आणि जांभूळ आलं नाही ते कुठे घालू?"

"'किरकोळ अडचणी'त. तिथे दोन ओळी बसतात. आणि एक आकडा घाल. आकड्याशिवाय अर्थव्यवस्थेचा निबंध उभा राहत नाही."

"कुठला आकडा?"

"विषम घाल. सम आकडा बनवलेला वाटतो. सदतीस टक्के घाल. आणि समारोपात सूर्य उगवला पाहिजे."

झिपरी हुशार होती. चार दिवसांत तिने असा निबंध लिहिला की बाईंना कुठे काटा लावायला जागा उरली नाही. तिसरा परिच्छेद तर ऐकाच :

"एका बाजूला निसर्गाने आपल्या जंगलाला भरभरून दिले आहे, दुसऱ्या बाजूला येथील मातृवर्ग स्वभावतःच मिताहारी व समाधानी आहे. फलोत्पादन क्षेत्रातील किरकोळ चढउतार वगळता सदतीस टक्के प्रगती झालेली दिसते. परावलंबनाची सवय सोडून प्रत्येकाने आपल्या फांदीवर उभे राहिल्यास उद्याचा सूर्य आपलाच आहे."

परावलंबनाचं वाक्य बाईंनी शिकवलेलं नव्हतं. ते झिपरीला आपोआप सुचलं. एकदा हात बसला, की बाळांनो, असली वाक्यं आपोआप सुचतात.

वीसपैकी एकोणीस गुण पडले. एक गुण कापला तो रीत म्हणून. झिपरी पहिली आली. मोठा समारंभ झाला. मंत्र्यांनी स्वतःच्या मुसकटाने तिला हार घातला आणि त्यातली दोन फुलं नकळत खाल्ली. झिपरीची आई मागे शेवटच्या फांदीवर बसून शेपटीने डोळे पुसत होती.

"काय लिवलंस गं एवढं?" तिने नंतर विचारलं.

"आपण मिताहारी आहोत असं."

"म्हंजे?"

"म्हणजे आपण थोडं खातो."

"ते खरंच हाय," आई म्हणाली, आणि तिला लेकीचा फार अभिमान वाटला.

झिपरी वसतिगृहात गेली. मंत्र्यांनी निबंधाला नवं पान लावलं, वर 'अहवाल' असं लिहिलं आणि तो राजापुढे ठेवला. राजाने वाचला. तिसऱ्या परिच्छेदाशी थांबून त्याने तो मोठ्याने वाचला.

"मिताहारी! समाधानी! आणि परावलंबनाची सवय सोडायला स्वतःच तयार!" राजा आसनावरून उठला. "अशा स्वाभिमानी प्रजेला आपण ओंजळी वाटत बसलो? अपमान केला आपण त्यांचा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी कोठाराला कुलूप होतं.

डोहाकाठच्या वसतिगृहात तेव्हा जांभळं पिकली होती. जेवणाच्या पानात रोज सात-आठ टपोरी जांभळं यायची. झिपरी पहिले काही दिवस पोटभर जेवली. तिला दोष देऊ नका. तीन वर्षांची भूक होती ती. मग एका धनेश पक्ष्याने, जाता जाता, कोठाराची बातमी सांगितली.

झिपरी धावत घरी गेली. आई जांभळीवरच होती. हाक मारली तर खाली उतरेना. उतरायला अंगात बळ नव्हतं आणि ते लेकीला कळू द्यायचं नव्हतं.

"वर ऊन चांगलं लागतंय," आई म्हणाली. "बसलेय जरा."

झिपरीने तिथेच अर्ज लिहायला घेतला. शब्द शोधावे लागले नाहीत. आधीचेच होते. "आमच्या जांभळीला तीन वर्षं जांभूळ आलं नाही. माझी आई उपाशी आहे. कोठार उघडा." अर्ज घेऊन ती कचेरीत गेली. तिथे खिडकीत एक घोरपड बसली होती. घोरपड एकदा चिकटली की निघत नाही, म्हणून तिला ती जागा दिली होती.

घोरपडीने अर्ज वाचला. मग बाजूचं एक बाड उघडून पानं चाळली.

"असं काही नाहीये," ती म्हणाली.

"काय नाहीये?"

"उपासमार. हे बघा. अहवाल, परिच्छेद तिसरा. फक्त किरकोळ चढउतार. लिहिणाऱ्याचा अभ्यास दांडगा आहे हो. आकडासुद्धा आहे."

"तो आकडा विषम होता म्हणून घातला!" झिपरी ओरडली. "तो निबंध मीच लिहिलाय!"

घोरपडीने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. अहवालाखालचं नाव पाहिलं. अर्जाखालचं नाव पाहिलं.

"मग तर प्रश्नच मिटला," ती म्हणाली. "तुम्हीच लिहून दिलंत की तुम्ही समाधानी आहात. आता तुमचा अर्ज खरा धरू की तुमचा अहवाल? अहवालाला एकोणीस गुण आहेत. अर्जाला किती आहेत?"

अर्जाला गुण नव्हते. झिपरी तो घेऊन सायाळबाईंकडे गेली. बाईंनी वाचला. त्यांनी पाठीवरचा सगळ्यात लांब काटा उपटला, आणि आयुष्यात पहिल्यांदा वीसपैकी वीस दिले. मग बाई रडल्या. झिपरीने त्यांना पाणी आणून दिलं. दुसरं कुणी काही करण्यासारखं तिथे नव्हतं.

झिपरी तो अर्ज घेऊन पुन्हा खिडकीशी गेली. पण घोरपड म्हणाली, स्पर्धेची मुदत संपली.

तेव्हापासून झिपरी रोज आपल्या पानातली सगळी जांभळं एका पळसाच्या पानात बांधते आणि शाळा सुटली की जांभळीवर घेऊन येते. वसतिगृहातून अन्न बाहेर न्यायला बंदी आहे. ती शेपटीत लपवते. शेपूट झुबकेदार आहे, तिचा एवढा तरी उपयोग.

पहिल्या दिवशी तिने पुडी आईपुढे सोडली.

"आणि तू गं?" आईने विचारलं.

"मी जेवून आले. तिथे हवी तेवढी देतात."

आईने एक जांभूळ उचललं. तोंडाशी नेलं. मग ते तसंच खाली ठेवलं.

"झिपरे," आई म्हणाली, "जीभ दाखव."

झिपरीने तोंड घट्ट मिटलं.

निबंधाचं मात्र फार चांगलं झालं. तो आता पाठ्यपुस्तकात आहे. जंगलातली सगळी पिल्लं वडाखाली बसून तिसरा परिच्छेद एका सुरात म्हणतात. रिकाम्या पोटी आवाज छान घुमतो.

तात्पर्य : निबंध असा लिहावा, की तो वाचल्यावर आपली भूक आपल्यालाच खोटी वाटावी. हे तात्पर्य परीक्षेला येणार आहे. उत्तर दोन ओळींत लिहा. त्याहून जास्त भूक लागल्यास गुण कापले जातील.