दोन रुमालांची आमटी

आमच्या सासऱ्यांना सगळं घर दादा म्हणतं. पोळ्याच्या दिवशी ते जेवायला बसताना दोन रुमाल घेऊन बसतात. एक घामाला, एक नाकाला. पुरणपोळीसोबतची आमटी कशी झाली हे ते चवीवरून सांगतच नाहीत, रुमालावरून सांगतात. एकच भिजला तर तोंड वाकडं. "पाव्हण्यांची आमटी करून राह्यली का तू?" दोन्ही भिजले की लाल डोळ्यांनी म्हणतात, "आता बराबर!"

लग्न होऊन मी बदनापूरला आले, तेव्हा पहिल्या पोळ्याला माझ्या आमटीनं कसाबसा अर्धा रुमाल भिजला. पुढच्या वर्षी मी असा मसाला भाजला की शेजारीपाजारी खोकत रस्त्यावर आले. त्याला बावीस वर्षं झाली. आमटीत माझा हात धरणारी अजून कुणी भेटली नाही. उगाच सांगत नाही, गल्लीत कुणालाही विचारा!

दादांचा कायदाही तसाच कडक. आधी बैलांना पोळी, मग माणसांना. आणि माणसांच्या ताटात पोळीसोबत आमटी म्हणजे आमटीच. "पोळ्याला दुसरी वाटी बिलकुल न्हाई!" एका पाहुण्यांनी एकदा पोळीवर दूध मागितलं. दादांनी काळजीनं विचारलं, "तब्येत बरी न्हाई का तुमची?"

यंदा माझी धाकटी जाऊ पल्लवी पहिल्यांदाच पोळ्याला आलेली. अमरावतीकडची पोरगी, कामाला चटपटीत. मी म्हटलं, "पुरण तू कर, आमटी माझ्याकडे." आणि बैलांना ओवाळायला अंगणात गेले. परत येऊन बघते तर पुरण झकास, पण येळवणी कुठंच नाही. डाळ शिजल्यावर वरचं निथळून काढलेलं पाणी म्हणजे येळवणी. आमटी त्याचीच होते.

"पल्लवी, येळवणी गं?"

"बैलायच्या घमेल्यात टाकली जी, ताई. पेंडीत मिसळली." गॅसवरच्या पातेल्याकडे बोट करून ती म्हणाली, "आमच्याकडं पोळीसंगं कढीच राहते."

मी कपाळावर हात मारला. पुन्हा डाळ शिजवायला वेळ नव्हता, दादा पाटावर बसलेले होते. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. सासरचा पहिला सण, आणि तिच्या हातून आमटीच गेल्ती. तिनं स्वतःच कढीची वाटी दादांपुढं नेऊन ठेवली. मी मागोमाग गेले. बोलणी बसलीच तर निम्मी माझ्या वाट्याला यावीत म्हणून.

दादांनी वाटीत बघितलं. "हे काय व्हय?"

पल्लवीनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे आमटी बैलांनी खाल्ली!"

कुणी हसेना. दादांनी पोळीचा तुकडा कढीत बुडवला, तोंडात टाकला, बराच वेळ चावला. मग वाटीच तोंडाला लावली.

"ताक आपल्याच म्हशीचं ना?"

"हो जी."

"मंग चांगली लागणारच. आण अजून."

पल्लवी पळतच आत गेली. मला हुश्श झालं. पण दादा खाली ताटाकडेच बघत राहिले.

"तुझी सासू परतूरची. तिच्या माहेरी पोळ्याला काय करायचे, ठावं हाय का तुला?"

मला माहीत नव्हतं. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली.

"मला बी न्हाई," दादा म्हणाले. "जल्मभर माझ्या आईची आमटी करत राह्यली. मला वाटायचं, तिला बी तीच आवडती. कधी इचारलंच न्हाई." त्यांनी मान वर केली. "तुझं तरी सांग. तुमच्याकडं काय असतं?"

इतक्या वर्षांत या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. पण मी जांब समर्थजवळच्या गावची लेक आहे, सांगायला लाजू कशाला?

"गुळवणी, दादा. गुळाचं पाणी, त्यात दूध, वेलची. त्यात पोळी कुस्करून खायची."

"गोडावर गोड?" दादांनी तोंड वाकडं केलं. "बरं. उद्या कर. मी खाईन."

उद्या कशाला? मी पदर खोचला, आत गेले आणि डब्यातून गुळाचा मोठा खडा काढला.